एक कोंबडी, अकरा दाते

रविवार, दिनांक २४ नोव्हेंबर १९७४ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, बोरटाकी (तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली) येथील ख्रिस्ती मंडळीच्या अंगणात एक कोंबडी देवाला देण्यात आली. हे लिहीपर्यंत ती पोचलेली नाही.

देणे ही थोर गोष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. सगळ्याच धर्मांनी देण्यावर भर दिला आहे आणि घेण्याकडे त्या मानाने दुर्लक्ष केले आहे. त्यामुळे कधीतरी दाते फार होतील आणि घेणारे कमी पडतील, असे जाणकार म्हणत आले आहेत. ही वेळ मोठ्या शहरांवर आधी येईल असा अंदाज होता. ती बोरटाकीवर आधी आली. (गावात एसटी दिवसातून दोनदा येते. वेळ कोणत्या गाडीने आली, ते कळलेले नाही.)

कोंबडी बयाबाईची. बयाबाई साठीच्या पुढची, विधवा. तिचा नवरा मिशनच्या शाळेत घंटा देत असे. तो वारल्यावर घंटा दुसऱ्याकडे गेली आणि बयाबाई हंबीरराव पाटलांच्या विहिरीवरच्या उसात भांगलायला जाऊ लागली. रोज दीड रुपया. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षे ती तण कोणते आणि ऊस कोणता हे हाताने चाचपून ठरवत होती. (उसाचे नुकसान फारसे झाले नाही. बोटे मात्र चिरली.) सप्टेंबरमध्ये मिरजेच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "देवा, डोळा दे. तांबडी तुजी."

घरात देण्यासारखे दुसरे काही नव्हते. तांबडी एक दिवसाआड अंडे देई आणि त्या अंड्यांवर बयाबाईचे मीठ, तेल आणि रॉकेल चाले. डोळा मिळाला. दवाखान्याने जाड भिंगाचा चष्मा दिला आणि दुसऱ्या डोळ्यासाठी तारखेची चिठ्ठी दिली: मंगळवार, २९ एप्रिल १९७५. बयाबाई घरी आली, चष्मा नीट बसवला आणि खुराड्यात पाहिले. आपली कोंबडी इतकी देखणी आहे, हे तिला तेव्हा प्रथम दिसले. आपण काय कबूल करून बसलो, हेही दिसले. पण शब्द गेला होता.

याच सुमारास मंडळीचे पाळक रेव्हरंड शांतवन लोंढे हे सांगलीला पाच दिवसांच्या शिबिराला जाऊन आले होते. शिबिराचा विषय होता, "ख्रिस्ती माणसाचा पैसा: मिळवणे, राखणे आणि देणे". पहिल्या दोन भागांना बोरटाकीत फारसा वाव नसल्याने पाळकसाहेबांनी तिसऱ्यावर लक्ष केंद्रित केले. परतल्यावर सलग सहा रविवार त्यांनी त्यावर उपदेश केला. जे आहे ते सगळे देवाचे आहे, आपण नुसते कारभारी. दहावा भाग त्याला परत करावा. देताना तोंड वाकडे करू नये. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये.

यातला शेवटचा मुद्दा मंडळीला सर्वात जास्त पटला. त्या महिन्यापासून पुष्कळांनी इतके गुप्त दान केले की ते खजिनदारालाही कळले नाही.

पाळकसाहेबांनी मंडळीची पाहणीही केली. कुटुंबे एकेचाळीस. गळणारी छपरे चाळीस आणि देवळाचे एक. बायका स्वयंपाकाला बसताना एक मूठ जोंधळा देवासाठी मडक्यात टाकतात, ती चाल सर्व घरांत चालू असल्याचे आढळले. दुष्काळाआधी ही मूठ सरासरी चार तोळ्यांची होती. बहात्तरच्या दुष्काळात ती दोन तोळ्यांवर आली. यंदा जोंधळा बरा आला, मूठ दोन तोळ्यांवरच राहिली. (मूठ आवळायला एकदा शिकली की सहसा विसरत नाही.)

देवळाची कौले जूनच्या वावटळीत उडाली होती. नव्या कौलांचा अंदाज दोनशे चाळीस रुपये. तो हंगामाच्या उपासनेत उभा करावा, असे ठरले.

हंगामाच्या उपासनेची पद्धत अशी. ज्याने त्याने आपल्या पिकातले पहिले आणायचे: कणसे, भोपळा, शेंगा, अंडी, कोंबडी, ज्याला जे पिकते ते. प्रार्थना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीला जातो. त्यात एक जुनी आणि सुंदर चाल आहे. बोली जिंकणाऱ्याला वाटले तर तो पैसे भरतो आणि वस्तू मात्र घरी न नेता पुन्हा देवाला देतो. मग तिचा पुन्हा लिलाव होतो. असा एकच भोपळा दोनदा, क्वचित तीनदा कामी आलेला वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे.

यंदा पाळकसाहेबांनी या चालीत एकच लहानशी सुधारणा केली. लिलावात पैसे टेबलावर मोजले, तर नाण्यांचा आवाज होतो. आवाज झाला की तो डाव्या हाताला कळतो. तेव्हा रोख व्यवहार बंद करून नुसती नावे घ्यावीत आणि पैसे ज्याने त्याने मागाहून शांतपणे आणून द्यावेत, असे त्यांनी सुचवले. सूचना एकमताने आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. (बोरटाकीच्या मंडळीत यापूर्वी एकमत १९६१ साली झाले होते. तेव्हा एक पाळक बदलून जात होते.)

लिलाव पुकारायला खजिनदार दादासो वायदंडे उभे राहिले. दादासो पलटणीत कोठाराचे कारकून होते आणि पेन्शनीवर आल्यावरही कोणतीही वस्तू जमा करून घेतल्यासारखीच पाहत. अकरा वाजून वीस मिनिटांनी बयाबाईने पदराखालून तांबडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"कोंबडी, नग एक!" दादासो गरजले. "रंग तांबडा, हालत चालू! बाजारभाव बारा रुपयं. बोला मंडळी!"

शाळेचे हेडमास्तर लालासाहेब आवळे पहिल्या रांगेत होते. त्यांनी घसा साफ केला आणि एकदम पंधरा म्हणाले. पंधरा एक, पंधरा दोन, पंधरा तीन. बयाबाईने सुटकेचा श्वास सोडला आणि तांबडीच्या पायाची दोरी मास्तरांच्या हातात दिली.

लालासाहेबांनी कोंबडी दोन्ही हातांनी वर उचलली. सगळीकडे पाहिले. मग सावकाश म्हणाले, "ही मी प्रभूलाच परत देतो."

टाळ्या झाल्या. कोंबडी टेबलावर परत आली.

"आवं मास्तर, न्या की," बयाबाई पुढे होऊन म्हणाली. "मी दिलीया तिला."

"बयाबाई, मीही दिली आहे."

"पर कुनीतरी न्यायाला पायजे की वो!"

यावर आसपासचे लोक कौतुकाने हसले. साध्या माणसांना देण्यातला आनंद कळायला वेळ लागतो.

दुसऱ्यांदा ती सतरा रुपयांना गेली आणि परत आली. मग अठरा, मग वीस. पाचव्या दात्याने तेवीस म्हणून वर दोन शब्द बोलायची परवानगी मागितली आणि सतरा मिनिटे बोलला. सातव्या वेळेपासून तांबडी कोणी परत द्यायच्या आतच स्वतः टेबलाकडे चालू लागली. दहाव्या दात्याने एकतीस म्हटले, तेव्हा स्वयंपाकघरातून जेवण तयार असल्याचा निरोप आला. मागे राहू नये म्हणून खुद्द पाळकसाहेबांनी पस्तीस म्हटले, कोंबडी डोक्यावर धरून ती अकराव्यांदा देवाला अर्पण केली आणि आशीर्वाद देऊन सभा संपवली.

एकूण बोली दोनशे पासष्ट रुपये. एका बारा रुपयांच्या कोंबडीने बावीसपट दिले. शिबिरात सांगितलेली उदाहरणेही दहापटीच्या पुढे गेली नव्हती. कौले होऊन वर पंचवीस रुपये उरणार होते, त्यात घंटेला नवा दोर घ्यावा अशी चर्चा जेवताना झाली.

जेवण झाल्यावर सगळे गेले. तांबडी टेबलाच्या पायाला बांधलेली होती. बयाबाई तिच्याजवळ उभी होती.

"आत्ये," दादासो म्हणाले, "आजच्या दिवस हिला घरी ने. मंडळीला खुराडं न्हाई."

"आन् उद्या?"

"उद्या बगू."

उद्या उजाडल्यावर दादासो सायकलवर वही अडकवून वसुलीला निघाले. पहिले घर लालासाहेबांचे.

"दादासो," लालासाहेब म्हणाले, "मी कोंबडी घेतली का?"

"घेतली की."

"आणि परत दिली का?"

"दिली."

"मग माझ्याकडे काय राहिलं?"

दादासोंनी विचार केला. "काय न्हाई."

"मग पैसे कशाचे?"

"पर मास्तर, लोकांनी टाळ्या वाजिवल्या—"

"टाळ्याही परत करतो," लालासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दात्याचे म्हणणे असे पडले की त्याने सतरा रुपयांची कोंबडी देवाला दिलेली आहे. वर आणखी सतरा दिले तर चौतीस होतात, ते त्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त होतात आणि त्यातून गर्व उत्पन्न होण्याचा धोका आहे. तिसरा म्हणाला की पैसे त्याने तेव्हाच गुप्तपणे पेटीत टाकले असतील, डाव्या हाताला माहीत नाही आणि उजव्याला आता आठवत नाही. पाचव्याने (सतरा मिनिटेवाल्याने) आपल्या भाषणाचे काय धराल, असे उलट विचारले. पाळकसाहेबांनी दादासोंना चहा दिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देव अंतःकरण पाहतो, दादासो. खिसा माणसं पाहतात."

अकरा घरे फिरून दादासो बयाबाईच्या दारात आले. वहीत नावांपुढची वसुलीची जागा कोरी होती.

"पलटनीत अकरा जनांनी एकच घोंगडी जमा केली आसती," ते सायकल टेकवत म्हणाले, "तर अकराच्या अकरांचं कोर्ट मार्शल झालं आसतं. हितं सगळ्यांची नावं पुन्याईत लागली."

"माजं काय लागलं?" बयाबाईने विचारले.

दादासोंनी वही चाळली. लिलाव पुकारणाऱ्याने देणाऱ्याचे नाव घ्यायचे असते, आणणाऱ्याचे नाही. बयाबाईचे नाव कुठे नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंचकमिटीची बैठक होऊन पुढील ठराव झाले. एक, सदर कोंबडी ही देवाची मालमत्ता असून ती तशी अकरा वेळा झालेली आहे, त्यामुळे तिच्या मालकीबद्दल शंका घेऊ नये. दोन, कोंबडीच्या सवयी बयाबाईला ठाऊक असल्याने पुढील व्यवस्था होईपर्यंत ताबा तिच्याकडे राहावा. तीन, दाणापाणी ताबेदाराने करावे. चार, अंड्यांबाबत. दहावा भाग देवाचा, हा नियम माणसाच्या कोंबडीला लागू आहे. देवाच्या कोंबडीचे दहाही भाग देवाचे. तरी ताबेदाराने सर्व अंडी दर रविवारी जमा करावीत. पाच, खजिनदाराने वहीत "मनाने दिलेले" असा नवा रकाना आखावा आणि दोनशे पासष्ट रुपये त्यात जमा दाखवावेत.

अशा रीतीने बयाबाईचे तेलमीठ बंद झाले आणि देवाची कोंबडी तिच्या कण्यांवर पोसली जाऊ लागली. तिची तक्रार त्याबद्दल नव्हती. ती नाताळाच्या आधी पाळकसाहेबांच्या पायरीवर जाऊन बसली.

"सलाम, पाळकसायेब. तांबडी तुमीच खावा. लय झाक लागंल. मी वाटान वाटून देते."

पाळकसाहेबांना मिळालेली वस्तू खाणे अवघड नव्हते (पूर्वी प्रसंग आलेले आहेत). पण अकरावे दाते तेच होते. दिलेले परत खाल्ले तर लोक काय म्हणतील?

"बयाबाई, तुझी कोंबडी देवाच्या दृष्टीने पोचली. तू निश्चिंत राहा."

"मंग माज्या खुराड्यात कोन बसलीया?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ते उत्तर शोधत होते की प्रार्थना करत होते, हे बयाबाईला एका डोळ्याने ठरवता आले नाही.

"मी देवाला सबूद दिलाय," ती म्हणाली. "त्यानं डोळा दिला. आता दुसऱ्या डोळ्याची तारीक आलीया. त्येच्याकडं परत कंच्या तोंडानं मागू? त्यो इचारल, बये, पयली तांबडी कुटं हाय? मी काय सांगू, माज्याच दारात दानं टिपतीया?"

"तसं नसतं, बयाबाई."

"तसंच आसतं. तांबडी पोचत न्हाई तवर मी मिरजंला जानार न्हाई."

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी हा प्रसंग उपदेशात सांगितला. बऱ्याच जणांचे डोळे भरून आले. ते पाणी वहीच्या नव्या रकान्यात घ्यावे का, असे दादासोंनी कोरडेपणाने विचारले. घ्यावे, असे ठरले.

नाताळ आणि नव्या वर्षाच्या मध्ये हंबीरराव पाटलांकडे म्हसवडहून पाहुणे आले. हंबीरराव ख्रिस्ती नव्हते. त्यांना शिबिराची माहिती नव्हती. ते थेट बयाबाईच्या दारात आले.

"बयाबाय, तांबडी दे. पावन्यास्नी रस्सा करायचाय. ह्ये बारा रुपयं."

"कापनार?"

"मग काय गाडीला जुपनार?"

बयाबाईला इतका आनंद महिनाभरात झाला नव्हता. कोंबडीचे शेवटी तेच होते, हे तिला ठाऊक होते. ती कोणाच्या तरी पोटात जाणार होती, पैसे देवळात जाणार होते, देणे फिटणार होते. तिने तांबडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग तिचा हात थांबला.

"पर ही माजी न्हाई वो, पाटील. देवाची इकनारी मी कोन? कमिटीला इचारून येते. हितंच ऱ्हावा."

हंबीरराव थांबले. कमिटी तासाभरात बसली आणि तिने प्रस्ताव तीन कारणांनी फेटाळला. शेवटची बोली पस्तीस असताना बाराला विक्री केल्यास देवाचे तेवीस रुपयांचे नुकसान होते. कोंबडी अकरा जणांच्या नावाने अर्पण झाली असल्याने अकरांची संमती लागेल, आणि लालासाहेबांनी आपले दान कोणाच्या रश्श्यात जाऊ देण्यास स्पष्ट नकार दिला. तिसरे कारण सर्वात वजनदार होते. घेणाऱ्याचा कोंबडी परत देण्याचा इरादा दिसत नव्हता. असा घेणारा मंडळीच्या परंपरेत बसत नाही.

बयाबाईने परत येऊन हे सांगितले. हंबीररावांनी बारा रुपये खिशात टाकले.

"लय देनारी मान्सं हायती गड्या तुमच्यात," ते म्हणाले. "येकादा घेनाराबी ठेवा की."

दुसऱ्या दिवशी पहाटे बयाबाईने तांबडी नेऊन देवळाच्या पायरीवर ठेवली, हात जोडले आणि मागे न बघता घरी आली. तांबडी दिवसभर मंडळीच्या आवारात चरली आणि दिवे लागायच्या आत खुराड्यात येऊन बसली. हा प्रयोग चार वेळा झाला. कोंबडीने संध्याकाळी घरी यावे, हा तिचा धर्म आहे. तो कोणत्याही शिबिराशिवाय ती पाळते.

अंड्यांचा प्रश्न वेगळा होता. ठराव चारप्रमाणे ती दर रविवारी जमा होत, दर रविवारी लिलावात जात आणि दर रविवारी देवाला परत मिळत. त्यातल्या एका अंड्याने सहा रविवारांत एकोणीस दाते पाहिले. सातव्या रविवारी ते पाळकसाहेबांच्या टेबलावर फुटले. (त्या दिवशी पहिल्या तीन रांगांची उदारता लक्षात येण्याइतकी कमी होती.) यावर उपाय म्हणून यापुढे अंडी कोंबडीजवळच ठेवावीत, कारण अंड्यांची काळजी तिला जास्त, असा ठराव झाला. ही या कमिटीची व्यवहाराशी आलेली एकमेव गाठ. तांबडी खुडूक बसली आणि एकवीस दिवसांनी नऊ पिले निघाली.

आता देवाच्या दहा कोंबड्या झाल्या. दहाव्या भागाचा हिशेब प्रथमच सरळ निघत होता, पण सगळ्याच देवाच्या असल्याने तो करण्याची गरज उरली नाही. दाणा मात्र दहापट लागू लागला. बयाबाई एक वेळ जेवू लागली.

मार्चमध्ये पाळकसाहेबांनी सांगलीला वार्षिक अहवाल पाठवला. बोरटाकीचे दर कुटुंबामागे दान मागील वर्षी तीन रुपये दहा पैसे होते. यंदा नव्या रकान्यासह ते एकोणीस रुपयांवर गेले. भागातल्या सर्व मंडळ्यांत बोरटाकी पहिली आली. चौकटीत बसवलेले प्रशस्तिपत्रक मिळाले, ते देवळात लावण्यासाठी जागेची पाहणी झाली आणि जिथे छपरातून ऊन येत नाही अशा एका हातभर भिंतीवर ते लावण्यात आले.

एप्रिलच्या तेरा तारखेला सांगलीच्या मुख्य कचेरीतले तीन पाहुणे जीपमधून कोंबडी पाहायला आले. जीप येणार हे बयाबाईला दोन दिवस आधी कळले होते. तिने सगळा विचार केला. गाडी सांगलीची, माणसे मोठी, ती नक्की घेऊन जाणार. मोठ्या ठिकाणी देवाच्या वस्तू ठेवायला खोल्या असतील. तिने पिले धरून एका डालग्यात घातली, तांबडी दुसऱ्यात घातली, वरून फडके बांधले, वाटेत लागतील म्हणून मूठभर कण्या पुरचुंडीत बांधल्या (मूठ चार तोळ्यांची होती) आणि जीपच्या मागच्या बाजूला उभी राहिली.

पाहुण्यांनी फडके सोडायला लावले. कोंबडी पाहिली. त्यांच्यातले प्रमुख फार हेलावले. त्यांनी चष्मा पुसला.

"एकशे एक," ते म्हणाले.

एवढी बोली बोरटाकीने ऐकली नव्हती. दादासोंनी एक, दोन, तीन म्हटले. बयाबाईने डालगे उचलून जीपमध्ये ठेवले.

प्रमुखांनी ते हळुवारपणे उचलून खाली ठेवले. "आणि ही मी प्रभूलाच परत देतो."

टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या थांबल्यावर बयाबाईचा आवाज ऐकू आला.

"सायेब, देवाच्या घराला कंची गाडी जाती तेवडं सांगा. तिकिटाचं मी बगते."

पाहुण्यांपैकी एकाने हे वाक्य लगेच टिपून घेतले. पुढच्या शिबिरात उपयोगी पडेल, असे तो म्हणाला. जीप गेली.

त्या संध्याकाळी दादासो बयाबाईकडे आले. सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "आत्ये, मिरजंला जा. तारीक चुकली तर दवाखाना परत कवा बोलवंल सांगता येत न्हाई. डावा डोळा जाईल."

"जाऊ दे. येका डोळ्याचं द्यायचं ऱ्हायलंय, दुसऱ्याचं कुटं डोईवर घिऊ?"

"देव काय सावकार हाय का?"

"सावकार आसता तर कवाच घिऊन गेला आसता," बयाबाई म्हणाली.

दादासोंनी खिशातून पेन्शनीतले बारा रुपये काढले. कोंबडी विकत घेतो म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की खजिनदाराने मंडळीची वस्तू स्वतः घेणे नियमात बसत नाही, आणि नियम त्यांनीच लिहिलेला होता. त्यांनी पैसे परत खिशात ठेवले. रकान्यात आपले नाव मात्र घेतले नाही. बोरटाकीत तसे करणारे ते पहिलेच.

रविवार, दिनांक २७ एप्रिल. उपासना नेहमीप्रमाणे झाली. बयाबाई आत गेली नाही. ती सकाळपासून अंगणात दोन डालगी घेऊन बसली होती. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तिच्यापाशी थांबत होता, मान हलवत होता, "फार मोठं मन आहे तुझं, बयाबाई" असे म्हणत होता आणि पुढे जात होता. दुपारी साडेबारापर्यंत अशी अडतीस माणसे झाली. लालासाहेब दोनदा थांबले. हंबीररावांचा गडी बांधावरून निरोप देऊन गेला की पाटील अजून बारा रुपये द्यायला तयार आहेत, बोली वाढवणार नाहीत.

मिरजेची एसटी मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुटते. तिकीट काढलेले नाही.

हा मजकूर वाचून ज्यांना बयाबाईबद्दल हळहळ वाटली, त्यांनी निश्चिंत असावे. दादासोंच्या वहीत "मनाने दिलेले" या रकान्यात जागा आहे आणि ठराव पाचप्रमाणे आपली हळहळ, आपण सांगाल त्या किमतीला, तिथे जमा करून घेतली जाते. काही पाठवायची गरज नाही. आजवर कोणी पाठवलेले नाही. आपल्या नावापुढे आकडा तेवढा आपण घालायचा आहे.

शेवटची खबर दुपारी एकची. ऊन वाढल्यामुळे बयाबाईने डालगी कडुलिंबाखाली सरकवली आहेत आणि फडके सोडून ठेवले आहे.